थंडीचा ताण आणि टायरोसिन : प्रयोगाच्या आराखड्याच्या नोंदी

४ ऑगस्ट

आराखड्याचा पहिला मसुदा आज बैठकीत वाचून दाखवला आणि पहिल्याच वाक्यावर मॅडमनी बोट ठेवले. "टायरोसिनच्या सेवनाने थंडीत कार्यक्षमता वाढते का, हे तपासणे" असा उद्देश मी लिहिला होता. 'वाढते' हे क्रियापद कोणत्या निष्कर्षावरून घेतले ते दाखवा, आणि दाखवता येत नसेल तर काढून टाका, असे त्यांनी सांगितले. संबंधित शोधनिबंध मी वाचले होते, टिपणेही काढली होती. पण तो निष्कर्ष नेमका कुठे आहे हे मला सांगता आले नाही. सर्व निबंध पुन्हा वाचायचे आणि कोणी काय मोजले, कशाशी तुलना केली आणि त्यातून किती म्हणता येते, एवढेच या वहीत उतरवायचे, असे ठरले.

७ ऑगस्ट

आधी जीवरसायन. टायरोसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) शरीर स्वतः तयार करते. मुख्यतः यकृतात फेनिलॲलॅनिनपासून ते बनते, म्हणून निरोगी माणसाच्या बाबतीत ते अत्यावश्यक अमिनो आम्लांत मोडत नाही. युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४६ मध्ये ते चीजमधील केसीन या प्रथिनातून मिळवले आणि चीजसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरूनच त्याला नाव मिळाले. आपल्याला हवी आहे ती त्याच्यापासून निघणारी साखळी : टायरोसिनपासून डोपा, डोपापासून डोपामिन, डोपामिनपासून नॉरॲड्रेनॅलिन आणि पुढे ॲड्रेनॅलिन. या साखळीचा वेग पहिल्या पायरीवर ठरतो आणि ती पायरी टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराच्या (एन्झाइमच्या) हाती असते.

आपल्या प्रश्नाची मेख या विकराच्या वागण्यात आहे. चेतापेशी शांत असताना विकराला लागणारे टायरोसिन बहुतांशी मिळालेलेच असते, शिवाय तयार झालेले कॅटेकोलअमाइन (डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन यांचा गट) उलट विकरालाच रोखून धरते. अशा वेळी बाहेरून कितीही टायरोसिन पुरवले तरी उत्पादनात फारसा फरक पडत नाही. मात्र थंडीसारख्या ताणात लोकस सेरुलियसमधील (मेंदूच्या खोडातील नॉरॲड्रेनॅलिन तयार करणाऱ्या केंद्रातील) चेतापेशी सतत आणि वेगाने उद्दीपित होऊ लागल्या की विकराचे फॉस्फोरिलीकरण होते (त्याला फॉस्फेट गट जोडला जातो), सहविकराशी असलेली त्याची ओढ वाढते, रोधाची पकड सैल होते आणि मग टायरोसिनचा पुरवठा खरोखरच अपुरा पडू शकतो. ताण दिलेल्या उंदरांच्या मेंदूतील नॉरॲड्रेनॅलिनचा साठा घटतो आणि आधी टायरोसिन दिलेल्या उंदरांत तो तसा घटत नाही, हे १९८४ मध्ये दाखवले गेले होते. मानवी प्रयोगांची प्रेरणा मुख्यतः तिथून आली.

ही यंत्रणा बरोबर असेल, तर तिच्यातून 'वाढते' हे क्रियापद निघतच नाही. ज्याचा साठा आटतो आहे त्याचीच भरपाई होणार. जिथे साठा आटलेला नाही तिथे काहीच व्हायला नको. हे भाकीत तपासता येते, आणि तपासायला हवे.

१२ ऑगस्ट

आज १९८९ आणि १९९४ चे निबंध लागोपाठ वाचले.

पहिला अमेरिकी लष्कराच्या नेटिक येथील पर्यावरणीय वैद्यक संस्थेतील बँडरेट आणि लीबरमन यांचा. १५ अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ४,२०० ते ४,७०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ हवा अशा दुहेरी ताणात त्यांनी स्वयंसेवकांना साडेचार तास ठेवले आणि शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिग्रॅम टायरोसिन दिले. त्रासाची लक्षणे, खालावलेली मनःस्थिती आणि कामातील घसरण कमी झाली. मात्र ज्यांना या वातावरणाचा सरासरीइतका किंवा त्याहून अधिक त्रास झाला त्यांच्यात. गेल्या वाचनात हे अर्धे वाक्य माझ्या नजरेतून निसटले होते. ज्यांना फारसा त्रासच झाला नाही त्यांना टायरोसिनचा काही उपयोग दिसला नसेल, तर ते आपल्या ७ तारखेच्या नोंदीशी जुळते. अडचण एवढीच की थंडी आणि प्राणवायूची कमतरता एकत्र असल्याने कशाचा वाटा किती, हे सांगता येत नाही.

दुसरा निबंध शर्टलेफ आणि सहकाऱ्यांचा, अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेतला, आणि या विषयातला मला सर्वांत स्वच्छ वाटणारा. स्वयंसेवक फक्त आठ. पण प्रत्येकाने चारही स्थितींतून जायचे : ४ अंशांत टायरोसिन, ४ अंशांत प्लासिबो (टायरोसिन नसलेली, दिसायला सारखी मात्रा), २२ अंशांत टायरोसिन, २२ अंशांत प्लासिबो. मात्रा दर किलोमागे १५० मिलिग्रॅम, थंडीत जाण्यापूर्वी दोन तास. चाचणी नमुना-जुळवणीची : पडद्यावर एक आकृती दाखवायची, ती काढून घ्यायची, थोडा काळ रिकामा जाऊ द्यायचा आणि मग दोन आकृत्यांतून मूळची ओळखायला लावायची. प्लासिबो घेऊन थंडीत बसलेल्यांची अचूकता १६ सेकंदांच्या लांब विरामानंतर घसरली. टायरोसिन घेतलेल्यांची उबेतल्या पातळीवर राहिली. उबेत मात्र टायरोसिन आणि प्लासिबो यांच्यात फरक दिसला नाही.

म्हणजे कार्यकारी स्मृती (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याची क्षमता) 'वाढली' असे या निबंधात कुठेही नाही. थंडीने जे हिरावले ते परत मिळाले, एवढेच आहे. मसुद्यातील क्रियापद आज खोडले आणि त्या जागी 'टिकते' लिहिले.

१३ ऑगस्ट

माझ्याच तक्त्यातील एक चूक. २००७ च्या दोन्ही निबंधांसमोर मी "३०० मिलिग्रॅम प्रति किलो, एक मात्रा" असे लिहून ठेवले होते. मेहोनी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात ही एकूण मात्रा असून ती १५० अधिक १५० अशी, थंड पाण्यातील प्रत्येक बुडवणीपूर्वी एक, विभागून दिली होती. तक्ता दुरुस्त केला. हा आकडा तसाच प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे गेला असता तर सुरक्षिततेचा सगळा हिशेब एका चुकीच्या ओळीवर उभा राहिला असता.

१९ ऑगस्ट

२००७ ची जोडी. दोन्ही प्रयोग पाण्यातले, आणि हवा व पाणी यांच्यातील अंतर इथे कळीचे आहे : पाणी उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते, त्यामुळे १० अंशांच्या पाण्यात केवळ त्वचाच नव्हे, तर शरीराचा गाभाही थंड होऊ लागतो. आधीच्या प्रयोगांविषयी अशी शंका घेता येत असे की माणूस गारठ्याने बेचैन होतो, लक्ष विचलित होते, आणि टायरोसिन फार तर ती बेचैनी सावरते. गाभा थंड झाल्यावर त्याचा टिकाव लागेल का? त्याचे उत्तर या जोडीने दिले.

मेहोनी आणि सहकाऱ्यांनी १९ स्वयंसेवकांना दीड-दीड तास दोनदा पाण्यात बसवले. थंड पाण्यात प्लासिबोवर नमुना-जुळवणीतील अचूकता आणि वेग दोन्ही मंदावले, आणि टायरोसिनने कार्यकारी स्मृतीची ही घसरण कमी केली.

ओब्रायन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात १५ जण होते, आणि मला तो अधिक बोलका वाटतो, कारण त्यांनी शरीरही मोजले. थंड पाण्यातून बाहेर आल्यावर गाभ्याचे तापमान टायरोसिनवर आणि प्लासिबोवर सारखेच, सरासरी ३५.५ अंश होते. ३५ अंशांच्या कोमट पाण्यानंतर ते ३७.१ अंश होते. म्हणजे टायरोसिनने कोणाला ऊब दिली नाही. प्लासिबोवर नमुना-जुळवणी १८ टक्क्यांनी आणि नेमबाजी १४ टक्क्यांनी घसरली. टायरोसिनवर कोमट पाण्याशी तुलना करता फरक आढळला नाही. आणि पायरी चढण्या-उतरण्याच्या चाचणीत दोन्ही थंड स्थितींत सारखीच, ११ टक्के घसरण झाली. त्याच माणसाच्या, त्याच दिवशीच्या, त्याच गारठलेल्या शरीरात नेमबाजी सावरली आणि पाय सावरले नाहीत. थंड स्नायूंचे आकुंचन मंदावते ही स्नायूंमधली गोष्ट आहे, तिथे मेंदूतील नॉरॲड्रेनॅलिनची भरपाई होऊन काही साधणार नाही, असा याचा अर्थ मी लावतो. निबंधापेक्षा एक पाऊल पुढे जाऊन लावतो, हेही नोंदवून ठेवतो.

मात्र या जोडीत एक उणीव आहे. दोन्ही प्रयोगांत स्थिती तीनच आहेत : कोमट पाणी व प्लासिबो, थंड पाणी व प्लासिबो, थंड पाणी व टायरोसिन. कोमट पाणी व टायरोसिन ही चौथी स्थिती नाही. टायरोसिनने उबेतही गुण तेवढेच वाढवले असते, तर या आकड्यांवरून ते कळण्याचा मार्ग नाही. १९९४ च्या प्रयोगात ती चौकट पूर्ण आहे, पण तो हवेतला आणि आठ जणांचा. पाण्यात, गाभा थंड होत असताना, चारही स्थिती : आपला प्रयोग हाच असावा, असे मी मॅडमना कळवले. त्यांनी "खर्चाचे नंतर बघू, आधी लिहा" एवढेच उत्तर पाठवले.

२६ ऑगस्ट

भुकटी आली. रेशमी, पांढरी, बारीक सुयांसारखी. ७० किलोच्या माणसाची १५० मिलिग्रॅम प्रति किलो या दराची मात्रा म्हणजे १०.५ ग्रॅम तोलून पेल्यात घेतली, ३०० मिलिलिटर पाणी ओतले आणि चुंबकी ढवळणीवर ठेवली. पाच मिनिटांनी भुकटी वरच तरंगत होती. वीस मिनिटांनी थोडी खाली बसली, थोडी पेल्याच्या काठाला चिकटली आणि मधले पाणी दुधाळ झाले. गाळून पाहिले तर जवळपास सगळी गाळणीवर परत आली. यात नवल काही नाही : २५ अंशांना एका लिटर पाण्यात टायरोसिन जेमतेम ०.४५ ग्रॅम विरघळते, म्हणजे या एका मात्रेसाठी २३ लिटरांहून अधिक पाणी लागेल. तीव्र आम्लात किंवा अल्कात ते विरघळते, पण ते पिण्याजोगे नव्हे. ॲसिटिल जोडलेले रूप सहज विरघळते खरे, पण त्याचा मोठा भाग शरीरात टायरोसिन न होताच मूत्रावाटे बाहेर पडतो, त्यामुळे तोही मार्ग बंद.

२००७ च्या प्रयोगांत टायरोसिन खाद्यवडीतून का दिले, हे निबंध वाचून जेवढे कळले नव्हते तेवढे तो पेला धुताना कळले.

२ सप्टेंबर

खाद्यवडी करायची तर तिच्यात काय घालायचे? टायरोसिन मेंदूत शिरते ते रक्त-मेंदू अडथळ्यावरील एका वाहकाच्या मदतीने, आणि त्याच वाहकाकडे ट्रिप्टोफॅन, फेनिलॲलॅनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन अशी इतरही मोठी उदासीन अमिनो आम्ले रांगेत असतात. प्रथिनयुक्त जेवणाने या सगळ्यांचीच रक्तातील पातळी वाढते, त्यामुळे रांगेतील टायरोसिनचा वाटा फारसा बदलत नाही. म्हणून वडी पिष्टमय असावी, प्रथिन शक्य तितके कमी असावे, आणि स्वयंसेवक उपाशीपोटी यावेत, असे ठरवले.

याच संदर्भात 'आहारातील' या विशेषणाविषयी. प्रौढ माणसाची फेनिलॲलॅनिन आणि टायरोसिन यांची एकत्रित दैनंदिन गरज दर किलोमागे २५ मिलिग्रॅम धरली जाते. आपली एक मात्रा तिच्या सहापट आहे. प्रथिनात टायरोसिनचे प्रमाण साधारण तीन-चार टक्के असते, त्या हिशेबाने १०.५ ग्रॅम टायरोसिनसाठी सुमारे ३०० ग्रॅम प्रथिन खावे लागेल, आणि तसे खाल्ले तरी वरच्या कारणाने तो परिणाम होणार नाही. रेणू अन्नातला आहे, मात्रा अन्नातली नाही. स्वयंसेवकांना द्यायच्या माहितीपत्रकात "नैसर्गिक अन्नघटक" असे मी लिहिले होते. ते शब्द काढले, कारण खरे असूनही ते दिशाभूल करतात.

९ सप्टेंबर

चाचणीचा संगणकीय आराखडा तयार झाला. आठ गुणिले आठ चौकटींची दोन रंगांची जाळी, नंतर २, ८ किंवा १६ सेकंदांचा विराम, नंतर दोन जाळ्या आणि दोन कळा. सहकाऱ्याने ती माझ्यावरच करून पाहण्याचे ठरवले आणि मला १० अंशांच्या शीतकक्षात पातळ सदऱ्यावर बसवले. हा प्रयोग नव्हे, नुसती यंत्राची चाचपणी; त्यामुळे आकडे इथे देत नाही. पण एक गोष्ट पाहिली ती लिहितो. चाळीस मिनिटांनंतर बोटे इतकी ताठरली की डावी जाळी बरोबर आहे हे स्पष्ट कळत असतानाही मधले बोट उजव्या कळेवर घसरले. पडद्यावर "चूक" उमटले. ती चूक स्मृतीची नव्हती, बोटाची होती. आणि संगणकाला दोन्ही सारख्याच.

बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरले की हाताचे कसब झपाट्याने खालावते. यावर उपाय म्हणून लहान विराम उपयोगी पडतो. बोट घसरायचे तर ते २ सेकंदांच्या विरामानंतरही तितकेच घसरेल. स्मृती निसटायची तर ती १६ सेकंदांनंतरच अधिक निसटेल. म्हणून आपला मुख्य मापनांक नुसती अचूकता न ठेवता २ आणि १६ सेकंदांच्या अचूकतेतील फरक हा ठेवावा. १९९४ च्या निबंधात घसरण लांब विरामानंतर दाखवली आहे, त्याचे वजन मला आज अधिक कळले. कळांऐवजी तळहाताने दाबता येतील अशी मोठी बटणेही मागवली आहेत.

१५ सप्टेंबर

कोणाला घ्यायचे नाही याची यादी पूर्ण केली. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक औषधे घेणारे, पार्किन्सनवरील लेव्होडोपा हे औषध घेणारे (तेही त्याच वाहकाच्या रांगेत असते), थायरॉइड अतिक्रियाशील असलेले (थायरॉइडची संप्रेरकेही टायरोसिनपासूनच बनतात), फेनिलकीटोनुरिया किंवा टायरोसिनिमिया (ही अमिनो आम्ले शरीरात नीट मोडली न जाण्याचे विकार) असलेले. शिवाय थंड पाण्यामुळे हृदयविकार, उच्च रक्तदाब आणि गारठ्याने बोटे पांढरी पडण्याचा विकार असलेले. गाभ्याचे तापमान ३५.५ अंशांवर येताच बुडवणी थांबवायची; ३५ च्या खाली वैद्यकीय अर्थाने शरीर-शीतन सुरू होते, तिथपर्यंत जायचे नाही.

वयाची मर्यादा १८ ते ४० ठेवली. ६० वर्षांवरील लोकांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १००, १५० आणि २०० मिलिग्रॅम प्रति किलो या मात्रांची तुलना केली होती. मात्रा वाढली तशी रक्तातील पातळी वाढली, पण कार्यकारी स्मृती मात्र मोठ्या मात्रांवर खालावली. त्यामुळे "जास्त दिले तर जास्त टिकेल" असे धरता येत नाही, आणि ३०० चा विचार आम्ही सोडून दिला.

२२ सप्टेंबर

संख्याशास्त्र पाहणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर दोन तास. त्यांनी एका वाक्यात माझी १९ तारखेची नोंद हलवली : "टायरोसिन आणि कोमट पाणी यांत फरक आढळला नाही, याचा अर्थ फरक नाही असा होत नाही." पंधरा जणांत लहान फरक सहज लपतो. प्लासिबोची घसरण लक्षणीय आणि टायरोसिनची लक्षणीय नाही, एवढ्यावरून टायरोसिन व प्लासिबो यांच्यातील फरक लक्षणीय ठरत नाही. तो फरकच थेट तपासावा लागतो. आपल्या चार स्थितींत तपासायची राशी एकच : थंडीतील टायरोसिन-प्लासिबो अंतर वजा उबेतील टायरोसिन-प्लासिबो अंतर. ही राशी शून्याहून मोठी असेल तरच 'टिकते' म्हणायचे. उबेतले अंतर किती लहान असले म्हणजे ते नगण्य मानायचे, ती मर्यादाही आकडे हाती येण्यापूर्वी लिहून ठेवायची.

क्रम चार, प्रत्येक स्थिती प्रत्येक स्थानी एकदा आणि प्रत्येक दुसऱ्या स्थितीनंतर एकदा येईल असे. म्हणून स्वयंसेवकांची संख्या चारच्या पटीत. दोन सत्रांत किमान एक आठवडा.

६ ऑक्टोबर

वडीची तिसरी खेप. पहिल्या दोन खेपांत टायरोसिनची वडी जिभेला पिठूळ लागत होती आणि आमच्यापैकी कोणीही डोळे मिटून ती ओळखत होते. दुहेरी-अंध पद्धत (कोणाला काय दिले हे घेणाऱ्यालाही आणि चाचणी घेणाऱ्यालाही माहीत नसणे) तिथेच संपली असती. प्लासिबोच्या वडीत तितक्याच वजनाचे सूक्ष्म सेल्युलोज मिसळल्यावर दोन्ही सारख्याच पिठूळ झाल्या. चव सुधारली नाही. दोन्हींची सारखीच बिघडवली. तरीही प्रत्येक सत्राच्या शेवटी स्वयंसेवकाला "आज तुम्हाला काय दिले असे वाटते?" हे विचारायचे आणि उत्तर नोंदवायचे.

२० ऑक्टोबर

समितीचा एकच आक्षेप आला : कोमट पाण्यात टायरोसिन देऊन काही घडणार नाही असे तुम्हीच लिहिले आहे, मग स्वयंसेवकांना चौथ्यांदा कशासाठी बोलावता? रास्त प्रश्न आहे. उत्तराचा मसुदा मी केला आणि मॅडमनी अर्ध्यावर आणला : ती स्थिती वगळली तर थंडीत दिसलेला लाभ हा भरपाईचा आहे की सरसकट उत्तेजनाचा, हे आकड्यांवरून ठरवता येणार नाही, आणि तसे असेल तर उरलेल्या तीनपैकी दोन वेळा तरी त्यांना थंड पाण्यात बसवण्याचे समर्थन कमकुवत होते. उत्तरासोबत १९९४ आणि २००७ च्या रचनांचा तक्ता जोडला. दुपारी पाठवले.

३ नोव्हेंबर

मंजुरी आली, चारही स्थितींसह. समितीने एक शब्द सुचवला आहे : शीर्षकात 'कार्यक्षमता' ऐवजी 'कार्यकारी स्मृती' लिहावे. पायरीची चाचणी आपण दुय्यम मापन म्हणून ठेवली असली, तरी तिच्यात सुधारणा अपेक्षित नाही, असे आपणच म्हटले आहे. तेव्हा सूचना मान्य. शीर्षक बदलले, बारा क्रमपत्रिका लिफाफ्यांत बंद करून वड्या तयार करणाऱ्या, पण चाचणी न घेणाऱ्या सहायकाकडे दिल्या. पहिले सत्र सोमवारी सकाळी आठ वाजता. वडी सहा वाजता.